मोजणीबाहेरचे पाय

भंडारा जिल्ह्यात दोन जुने रोग अजून मुक्काम ठोकून आहेत, हत्तीरोग आणि कुष्ठरोग. दोन्हींवर औषध आहे, दोन्हींसाठी सरकारी कार्यक्रम आहेत, दोन्हींच्या गोळ्या फुकट मिळतात. आणि दोन्हींची खूण सरतेशेवटी पायावर राहते. हत्तीरोगात पाय सुजून जड होतो, कुष्ठरोगात तो बधिर होतो. पण अशा पायाला रोज जे हवे असते ते बरेचसे सारखेच: स्वच्छ पाणी, साबण, कोरडे फडके आणि हे सारे नीट कसे करायचे ते शिकवणारा माणूस. परिचर्येच्या अभ्यासक्रमातला हा पहिल्या काही पानांतला धडा. माझे म्हणणे असे, की पूर्व विदर्भात हे काम दोनदा उपचारांच्या यादीतून गळाले आणि दोन्ही वेळा गुणकारी औषध हाती आल्यावर गळाले. औषधाबरोबर मोजणी आली. रक्तातले जंतू मोजता येतात, गोळ्या मोजता येतात, उपचार पूर्ण झालेल्यांची नावे मोजता येतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी आज कोरडी आहे की ओली, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. म्हणून ते घरच्यांच्या अंगावर पडले, आणि घरच्यांना ते कोणी शिकवले नाही.

औषध नव्हते तेव्हा परिस्थिती चांगली होती असे मात्र कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भंडारा मध्य प्रांतात होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशन १८८२ मध्ये तिथे आले आणि पुढे त्याचा दवाखानाही चालला. प्रांताच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडात, चांदखुरी आणि चांपा इथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे आश्रम निघाले. उपचार म्हणजे तुवरकाचे तेल, पोटात किंवा सुईने, आणि त्याचा गुण बेताचाच. उरलेला सगळा उपचार म्हणजे जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे. दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून हेच केले जाई. पण कायद्याची नजर निराळीकडे होती. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा निराधार रोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा देत होता आणि त्याला कोणकोणत्या गोष्टींपासून दूर ठेवावे याची यादीही देत होता. त्या यादीत खाण्यापिण्याचे पदार्थ विकणे होते, भाड्याच्या वाहनात बसणे होते, आणि स्थानिक नियमाने मना केलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर अंघोळ करणे, कपडे धुणे, पाणी भरणे हेही होते. ज्याच्या दुखण्याला पाण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच पाणवठ्यावरून हाकलण्याची ही सोय. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात याचा अर्थ काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. म्हणजे रोगावरचे खात्रीचे औषध सरकारी कार्यक्रमात आल्यावरही तो तीन दशके कागदावर जिवंत होता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर विदर्भाने याला जे उत्तर दिले ते देशात इतरत्र फारसे दिसत नाही. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केली. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. वरोऱ्याला बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली. गांधींनी विधायक कार्यक्रमाच्या यादीत कुष्ठसेवेचा समावेश केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये वर्ध्याला त्यांच्या नावाचे कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. जखम धुणाऱ्या हाताला या माणसांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती खरीच आहे, आणि पूर्वी हे काम ज्या जातींच्या माथी मारले गेले होते ते पाहता ती साधी गोष्ट नव्हती. पण या प्रतिष्ठेला एक अडचणीची बाजू आहे. दुसऱ्याचा पू पुसणे हे असामान्य माणसाचे व्रत ठरले की सामान्य माणूस त्याच्यापुढे हात जोडतो आणि आपल्या वाटेने जातो. परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधी टपाल तिकिटावर आले; त्यांनी काय केले, किती वेळ, कशाने, हे मात्र आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात तितक्या ठळकपणे आले नाही. सेवा आणि परिचर्या यांत हाच फरक. सेवेला माणसाचे मोठेपण लागते, परिचर्येला पद्धत लागते. पद्धत कुणालाही शिकवता येते.

ती पद्धत ठरवण्याइतके ज्ञान तोवर हाती आलेही होते. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याच्या तळपायाचे मांस रोगाने आपोआप सडत नाही. मज्जातंतू निकामी झाल्याने दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस खड्यावर, काट्यावर, फोडावर तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. याचा सरळ अर्थ, पायाकडे रोज पाहिले तर बहुतेक जखमा टळतात. पण याच काळात डॅप्सोन ही गोळी आली, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, वर्धा जिल्हा तो स्वीकारणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत होता, आणि रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होऊ लागला. हे यश निर्विवाद आहे. त्याच्या जोडीला एक शब्द आला, उपचारमुक्त. शेवटची पाकिटे संपली की नाव वहीतून उतरते. बधिर पाय वहीतून उतरत नाही, कारण तो वहीत कधी चढलेलाच नसतो. डिसेंबर २००५ अखेर देशातले प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली गेल्याचे जाहीर झाले. त्याच्या आसपास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मात्र नवे रोगी सापडणे थांबले नाही आणि जुने उपचारमुक्त तर होतेच.

हत्तीरोगाची कथा याच वळणाची, पण जास्त वाकडी. हा रोग क्युलेक्स डासाने पसरतो. तो डास धानाच्या बांधीतल्या किंवा मालगुजारी तलावातल्या पाण्यापेक्षा गटारात, सांडपाण्याच्या डबक्यात जास्त रमतो. जंतूंची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घ्यावे लागतात. ती पिल्ले माणसाच्या रक्तात सापडली ती कलकत्त्यात, १८७२ मध्ये, टिमोथी लुईस यांना. म्हणजे या रोगाच्या विज्ञानाचा एक मोठा टप्पा आपल्याच देशातला. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला डीईसी गोळ्या सरसकट वाटून पाहिल्या. ताप, मळमळ आली, लोकांनी गोळ्या नाकारल्या, आणि कार्यक्रम शहरांतल्या गटारांवर अळीनाशक फवारण्याकडे वळला. खेड्यातल्या सुजलेल्या पायाला त्यात जवळजवळ काहीच नव्हते. मग २००४ पासून वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार सुरू झाला, पुढे त्यात अल्बेंडाझोल आले आणि अलीकडे आयव्हरमेक्टिनही. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये या रोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम आखला तेव्हा त्याचे दोन खांब स्पष्ट सांगितले होते: प्रसार तोडणे आणि ज्यांना आधीच विकृती आली आहे त्यांची काळजी घेणे. पहिल्यासाठी तारीख ठरते, मोहीम होते, पालकमंत्री गोळी खाताना छायाचित्र काढतात. दुसरा खांब आहे तिथे आहे.

त्या दुसऱ्या खांबाला इतके महत्त्व का द्यायचे, हे समजायला हत्तीपाय नेमका कसा वाढतो ते पाहावे लागते. पुष्कळांना वाटते की जंतू आतून पाय फुगवत नेतात. जंतूंनी लसिकावाहिन्या बिघडवल्या हे खरे. पण त्यापुढची वाढ मुख्यतः वरून शिरणाऱ्या साध्या जिवाणूंमुळे होते. ब्राझीलमधल्या रेसिफे इथे जेरूसा ड्रेयर यांनी १९९० च्या दशकात हे ठासून मांडले. बिघडलेल्या वाहिन्यांमुळे पायात पाणी साचते, साचलेल्या पाण्यात जिवाणू माजतात, आणि त्यांना आत यायला भेग पुरते. आता ही भेग भंडाऱ्यात कुठून येते? आषाढात रोवणी सुरू होते. बाया सकाळपासून चिखलणी केलेल्या बांधीत वाकून पऱ्हे लावतात, पाय दिवसभर गाळात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात: कातडी पांढरी पडते, फुगते, फाटते, खाजते. निरोगी पायाला चिखल्या म्हणजे आठ दिवसांचा त्रास. बिघडलेल्या पायाला ते उघडे दार. मग जांघेत अवधान येते, हुडहुडी भरते, पाय लाल आणि हात लावू न देण्याइतका गरम होतो, आणि माणूस ऐन मजुरीच्या दिवसांत अंथरूण धरतो. ताप उतरतो, पण प्रत्येक झटका जाताना कातडी थोडी अधिक जाड करून जातो. पाच-सात पावसाळ्यांत पायाला घड्या पडतात, घड्यांत पुन्हा ओल राहते, आणि चक्र आपले आपण फिरू लागते. वर्षातून एकदा घेतलेली गोळी प्रसाराचे चक्र तोडते. या दुसऱ्या चक्राला ती जवळपास स्पर्श करत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पाय तर सगळेच धुतात. बाहेरून आले की दारातच पायांवर पाणी घ्यायची आपली जुनी रीत. यात परिचारिकेने शिकवावे असे काय आहे? उत्तर कृतीच्या तपशिलात आहे. पायांवर तांब्याभर पाणी ओतल्याने चिखल जातो आणि ओल राहते, म्हणजे हत्तीपायाला नको तेच राहते. नीट धुणे असे असते: आधी बसून, उजेडात, पाय वरपासून खालपर्यंत पाहायचा, बेचके बोटाने उघडून पाहायचे. पाणी कोमट किंवा साधे, कढत नको. साबण साधा, हाताच्या तळव्यावर फेस करून तो गुडघ्यापासून खाली पावलाकडे न्यायचा, प्रत्येक घडीत आणि प्रत्येक बेचक्यात मऊ फडक्याने, न घासता. न्हाणीत ठेवलेली वजरी या पायाला लावायची नाही, कारण तिचा एक ओरखडा म्हणजे नवी भेग. फेस गेला आणि पाणी निवळ आले की थांबायचे. मग खरे काम: टिपणे. पुसणे नव्हे, टिपणे. आणि बेचक्यांत पातळ कापड घालून शेवटचा ओलावा काढणे. चिखल्या असतील तिथे बुरशीचे मलम. नखे सरळ कापायची. रात्री पाय उशीवर, दिवसा बसल्या बसल्या घोटा वर-खाली. आता याच्या शेजारी कुष्ठरोगातला बधिर पाय ठेवून पाहा. त्याची कातडी घाम न आल्याने कोरडी, टणक, तडकणारी. तो वीस-तीस मिनिटे पाण्यात भिजवायचा, जाड झालेला कडक भाग खरबरीत दगडाने हलकेच घासून पातळ करायचा आणि ओलावा टिकावा म्हणून लगेच तेल किंवा व्हॅसलीन लावायचे. पाणी फार गरम नाही ना, हे रोग्याने स्वतःच्या पायाने ठरवायचे नाही, कारण त्या पायाला ते कळत नाही. एका पायाला दगड घातक, दुसऱ्याला तोच कामाचा. एकाला ओल घातक, दुसऱ्याला कोरडेपणा. हा फरक आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही.

दुसरा आक्षेप सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा. पैसा आणि माणसे मोजकी. गोळीने हजारांचे भले होते, पाय धुण्याने एकाचे. मग आधी प्रसार तोडावा आणि पुढच्या पिढीत हत्तीपायच राहू नये, हे जास्त शहाणपणाचे नाही का? या हिशेबात एक बाब सुटलेली आहे. गोळी खाणारा माणूस निरोगी असतो आणि निरोगी माणसाने गोळी का खावी, हा गावोगावचा प्रश्न आहे. १९५० च्या दशकात कार्यक्रम याच खडकावर आपटला होता. ओडिशाच्या खुर्दा जिल्ह्यात हत्तीपायाच्या काळजीचा कार्यक्रम जोडीला चालवला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे तर्काला धरूनच आहे. शेजारच्या काकूंचा दरवर्षी येणारा ताप थांबलेला पाहिला की त्याच आशाताईने दिलेल्या गोळीवर विश्वास बसतो. म्हणजे एकाचे भले हजारांच्या भल्याच्या आड येत नाही, त्याला हातभार लावते.

उरतो पुराव्याचा प्रश्न. साबण-पाण्याने खरेच झटके कमी होतात, की हे सगळे सद्भावनेचे बोलणे? याची कसोटी लागली ती इथिओपियात, आणि ती अशा रोगावर लागली की जिथे कृमीचा संबंधच नाही. तिथल्या उंच प्रदेशात अनवाणी चालणाऱ्यांना मातीतल्या कणांमुळे हत्तीपायासारखीच सूज येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे सातशे रोग्यांच्या दोन गटांपैकी एकाला धुणे, मलम, पट्ट्या, मोजे आणि बूट वर्षभर दिले. दुसऱ्याला ते नंतर दिले. पहिल्या गटातले झटके कमी भरले. फरक चमत्काराचा नव्हता, आणि मला तो त्यामुळेच जास्त विश्वासार्ह वाटतो. जंतू नसतानाही धुण्याचा उपयोग होतो, याचा अर्थ धुणे हे औषधाची जोड नाही, स्वतंत्र उपचार आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो: स्वच्छतेचे धडे गरिबांनाच का? रोवणीला उतरल्याशिवाय चूल पेटत नाही अशा बाईला पाय कोरडे ठेवा सांगणे म्हणजे तिच्या रोगाचा दोष तिच्याच पदरात टाकणे. हे अगदी बरोबर, आणि म्हणूनच हे काम उपदेशातून काढून उपचारात आणले पाहिजे. उपदेशाला खर्च येत नाही. उपचाराला टब, मग, टॉवेल, साबण, मलम लागते, ते संपल्यावर पुन्हा द्यावे लागते, आणि कोणीतरी पावसाळ्यात घरी जाऊन बेचके उघडून पाहावे लागते. हत्तीपायाच्या रोग्यांना अशा वस्तूंचा संच देण्याची तरतूद आता कार्यक्रमात आहे. पण संच एकदा वाटला की ती नोंद पूर्ण होते आणि पुन्हा तीच मोजणीची खोड दिसते: साबणाची वडी महिनाभरात संपते, वाटपाचा आकडा कायम राहतो.

मग हे काम कोणाचे? आपल्याकडे परिचारिकेचा धंदाच मुळात उशिरा आणि अडखळत उभा राहिला. दुसऱ्याच्या अंगाची घाण काढण्याला विटाळ मानणाऱ्या समाजात सुरुवातीच्या परिचारिका बव्हंशी ख्रिस्ती झालेल्या घरांतून आल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढून विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले तेव्हा त्यावर टीका झालीच. मध्य प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा यायला १९३६ उजाडले. या धंद्याला प्रतिष्ठा मिळू लागली ती सुई, सलाईन आणि शस्त्रक्रियेची खोली यांच्या जवळीकीने, आणि त्याचा एक परिणाम असा की धुणे-पुसणे हे काम आयाबाईकडे किंवा नातेवाइकांकडे सरकले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात रोग्याच्या अंगाच्या स्वच्छतेला स्वतंत्र प्रकरण दिले होते. आपल्या रुग्णालयांत तेच प्रकरण शिकलेल्या हातांतून सर्वांत आधी निसटले. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लसीकरण, बाळंतपण आणि अहवाल यांतच बुडालेली असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

हे जमण्याजोगे आहे याचा दाखला मात्र शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: हात धुणे, बाळाला उबेत ठेवणे, नाळेची निगा, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ आली तर जेंटामायसिनची सुई देणे. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निबंधानुसार त्या ३९ गावांतले नवजात मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि ही पद्धत पुढे देशभरच्या आशांच्या कामात शिरली. तिथे नेमके काय वेगळे होते? हात धुण्यालाही तपासणीची यादी होती, प्रत्येक भेटीची नोंद होती आणि ती नोंद कोणीतरी वाचत होते. मोजणी ही परिचर्येची शत्रू नाही. तिने कशाकडे पाहायचे ते आधी ठरवावे लागते. हत्तीपायाच्या बाबतीत ‘मागच्या वर्षी किती झटके आले’ हा एकच रकाना पुरेल. तो भरायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, आणि रात्री उठून रक्त घ्यावे लागत नाही.

देशाने हत्तीरोग निर्मूलनासाठी आता २०२७ हे वर्ष धरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मागताना विकृती आलेल्या रोग्यांची संख्या आणि त्यांच्यासाठी उपलब्ध सेवा यांची माहिती द्यावी लागते, म्हणजे निदान कागदावर तरी या पायांना जागा मिळाली आहे. पण ज्या बाईचा पाय आज चाळिशीत सुजलेला आहे तिला तो २०५० नंतरही रोज धुवावा, टिपावा लागणार. तोवर गोळीवाटप केव्हाच थांबलेले असेल. मोहीम चालू असताना साबण, मलम आणि पावसाळ्यातल्या घरभेटी यांच्यासाठी खर्चाचे स्वतंत्र शीर्ष उघडून घेणे शक्य असते. २००५ नंतर कुष्ठरोगाच्या उपचारमुक्तांचे पाय ज्या कारणाने नजरेआड झाले ते कारण औषधाच्या अपयशाचे नव्हते. यशाची घोषणा होईपर्यंत त्या पायांच्या नावाने पैसा कुठेच बाजूला पडला नव्हता.